‘आम्ही’चं ‘मी’ करताना

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकबाईंनी फोनवर सांगितलं आणि मी लगेच हो म्हणून बसले. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण लिहायला घेतल्यावर पेन पुन्हा पुन्हा एकाच जागी जाऊन अडायला लागलं, आणि ती जागा काही गमतीची नाही. तरी शब्द दिलाय तर आधी गमती सांगते. ती जागा यायची तेव्हा येईल.

मी एचआरमध्ये आहे. बनशंकरीतल्या आमच्या नातलगांच्या लग्नामुंजीत हे सांगायची आता सोय राहिलेली नाही. पूर्वी लोक विचारायचे, म्हणजे नेमकं काय करतेस ग? आता विचारत नाहीत. आता घरटी एक तरी मुलगा, सून नाहीतर जावई कॉम्प्युटरवाल्यांकडे आहे, आणि एप्रिल महिन्यात माझ्यासारख्याच कुणामुळे तरी त्याचं तोंड उतरलेलं असतं. मागे एका बारशाला एक मावशी जिलेबी वाढत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा हात थांबला. "आमच्या प्रसन्नाला तीनच दिले म्हणे तुम्ही लोकांनी," म्हणाल्या. हा प्रसन्ना इंदिरानगरच्या कुठल्याशा कंपनीत आहे. मी त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. जिलेबी मात्र माझी गेली.

ज्यांच्या घरात असा कुणी नाही त्यांच्यासाठी हे तीनचं प्रकरण सांगते. आमच्याकडे वर्षातून एकदा प्रत्येकाच्या कामाचे मार्क काढतात, त्याला अप्रेझल म्हणतात. आधी ज्याने त्याने आपलं आपण लिहायचं, वर्षभर मी काय काय दिवे लावले. मग त्याच्या साहेबाने ते वाचून पाचपैकी एक आकडा द्यायचा. इथवर शाळेसारखंच. पण त्यानंतर सगळे साहेब एका खोलीत बसतात आणि एकमेकांचे आकडे जुळवतात. कारण कंपनीचं आधीच ठरलेलं असतं, पाचवाले अगदी मोजके, चारवाले थोडे, मधले भरपूर, आणि तळाच्या घरातही कुणीतरी हवंच. म्हणजे सगळ्या वर्गाने झकास पेपर लिहिला तरी कुणालातरी नापास करायचंच. त्या खोलीत चहा असतो, बिस्किटं असतात आणि मी असते. मी मार्क देत नाही. आकडे साच्यात बसले की नाही ते बघते, आणि नंतर ज्यांना तळाचा आकडा मिळाला त्यांना बोलावून पाण्याचा ग्लास पुढे करते.

आमची कंपनी इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. हॉस्पिटलांची बिलं, औषधांचा साठा, खाटांचा हिशेब हे सगळं ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर आम्ही करतो. कंपनीचं नाव सांगत नाही. अजून तिचाच पगार खाते आहे.

तर गमती. एका पठ्ठ्याने स्वतःला सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच दिले आणि ‘सुधारणेला वाव’ या रकान्यात आपल्या साहेबाचं नाव लिहिलं. एक मुलगी इतकी प्रामाणिक, की तिने स्वतःला सगळीकडे दोन दिले आणि खाली लिहिलं, याहून जास्त असतील तर ते तुम्हालाच ठाऊक. साहेबाने आनंदाने दोनच ठेवले. निकालानंतर दरवर्षी आम्ही कर्मचाऱ्यांना नावाशिवाय विचारतो, तुम्हाला ही पद्धत कशी वाटते? बहुतेकांचं उत्तर एका शब्दाचं असतं. कुणी ‘ओके’ लिहितं, कुणी इंग्रजी अक्षरांत ‘परवागिल्ला’ लिहितं. त्याचा अर्थ बरी आहे, चालायचंच, आता यावर अधिक बोलायला लावू नका. एका वर्षी कुणीतरी लिहिलं होतं, ‘मी काय केलं ते मलाच लिहायला लावता, मग साहेब वर्षभर काय बघत होते?’ हे वाक्य मी वरच्यांना दाखवायच्या सादरीकरणात घातलं. सगळे हसले, आणि कुणीतरी विचारलं, हे लिहिणारा कोण ते शोधता येईल का?

आणि एक दावणगेरेचे हेडमास्तर. त्यांच्या मुलाला आमच्याकडे दोन मिळाले होते. एके दिवशी सकाळी गेटवरून फोन आला, एक वयस्कर गृहस्थ आलेत, जात नाहीत, कन्नडच बोलतात, तुम्ही या. मी गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल शाईचं पेन. पोराला न सांगता रात्रीच्या बसने आले होते. मी त्यांना आत नेऊन कॉफी दिली. ते म्हणाले, उत्तरपत्रिका दाखवा. मी म्हटलं, उत्तरपत्रिका नसते. मग मार्क कुठे कापले? मी म्हटलं, तसे कापत नाहीत, इतरांशी तुलना करतात. कोणत्या इतरांशी? ते गुप्त असतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, मी आयुष्यात पुष्कळ पोरं नापास केली, पण प्रत्येकाला पेपर हातात दिला. त्याला माझ्याशी भांडता यायचं. मग कॉफी चांगली होती म्हणाले आणि निघून गेले. हा किस्सा मी बरीच वर्षं गंमत म्हणून सांगत आले, अगदी लाल पेनासकट. आता लिहिताना तो गमतीचा वाटत नाही.

आता ती जागा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पुण्याहून अनिकेत आला, सगळ्या कामांचा प्रमुख म्हणून. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, हुशार, वागायला चांगला. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून तो मला पद्माताई म्हणतो. बाकी सगळ्यांची मी अक्का. अनिकेतला माझं मराठी ऐकून मौज वाटायची. आमची घरं इथे कन्नड मुलखात कैक पिढ्यांची, आमच्या बोलण्यात कन्नड अर्धंअधिक, आणि त्याच्या बोलण्यात इंग्रजी तितकंच. त्यामुळे आम्ही दोघं मराठी बोलतो असं फक्त आम्हालाच वाटायचं.

पहिल्याच अप्रेझलनंतर तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, "पद्माताई, सपोर्टवाल्यांचे फॉर्म बघा. सगळं वुई, वुई, वुई. कोणी काय केलं ते मला कळायला नको? ऑनेस्टली, वुई दिसलं की मी तिथे झीरो धरतो."

मी फॉर्म काढून बघितले. त्याचं म्हणणं खरं होतं. आम्ही गेलो, आम्ही दुरुस्त केलं, आम्ही रविवारी आलो. आमच्या गावचे लोक असेच बोलतात. एकटा राहणारा माणूससुद्धा स्वतःच्या खोलीला नम्म मने म्हणतो, आमचं घर. आमच्या घरांतल्या मराठीतही तेच. ‘आम्ही संध्याकाळी येऊन जातो’ असं म्हणणारा माणूस एकटाच येतो. आमचे वडील, म्हणजे अण्णा, यांना तर ‘मी’ खपायचा नाही. शाळेतून धावत येऊन मी पहिली आले म्हटलं की ते म्हणायचे, नंबर आला म्हण, तुझं नाव कशाला घालतेस त्यात? अशा घरात वाढलेली मी, आणि मलाच लोकांना ‘मी’ म्हणायला शिकवायचं काम मिळालं.

काम मी मन लावून केलं. हे सांगायला हवं, कारण नंतरचं जे झालं ते कामचुकारपणामुळे झालं नाही. दर शुक्रवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी वर्ग घ्यायला लागले. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला ‘नानु क्लास’ म्हणायचे, ‘मी’चा वर्ग. एकेकाने उभं राहून ‘मी’ने सुरू होणारं वाक्य म्हणायचं. मोठमोठी माणसं चपलांकडे बघत उभी राहायची. कुणी ‘मी’ म्हणून खोकायचं, कुणी ‘मी आणि आमची टीम’ म्हणून पळवाट काढायचं. मी त्यांना पकडायचे. हसत खेळत चाललं होतं. ज्यांना लिहायला जमत नसे त्यांचे फॉर्म घेऊन मी स्वतः बसायचे आणि ‘आम्ही’ खोडून ‘मी’ करून द्यायचे. त्यात माझा हात चांगला बसला होता.

सपोर्टमधला मंजुनाथ या वर्गाला यायचा आणि मागे बसायचा. तुमकूरकडचा माणूस, चाळिशी ओलांडलेला, कपाळाला पुसट विभूती, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. एखाद्या हॉस्पिटलात आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं की तिथे जाऊन बसणं हे त्याचं काम. बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण बिल निघाल्याशिवाय हॉस्पिटल पेशंटला घरी सोडत नाही. बरी झालेली माणसं पिशव्या भरून, चपला घालून खाटेवर बसून राहतात, आणि नवे पेशंट खाली खाटेची वाट बघत असतात. सगळे ओरडतात ते आमच्या माणसावर. मंजुनाथ त्या ओरड्यात बारा महिने काम करायचा.

आदल्या वर्षी त्याला तळाचा आकडा मिळाला होता. त्याचा अर्ध्या पानाचा फॉर्म सगळाच्या सगळा ‘आम्ही’ होता. आमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं तळाला राहिलं तर माणसाला सुधारायला तीन महिने देतात, आणि ते तीन महिने कशासाठी असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरी त्याची आई, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. या वर्षी फॉर्म नीट झाला नाही तर नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

त्याचा फॉर्म घेऊन आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसलो. वर्षातलं सगळ्यात मोठं काम कोणतं, मी विचारलं. त्याने एका रविवारचं सांगितलं. एका मोठ्या हॉस्पिटलात सगळं ठप्प झालं होतं. तो आणि त्याची सहकारी हेमावती, दोघं गेले. दिवसभरात सगळं पुन्हा सुरू झालं, आणि मधल्या वेळात एकही पेशंट अडकला नाही, कारण बिलं हाताने करून दिली. मी विचारलं, यातलं तुम्ही काय केलं? तो म्हणाला, आम्ही गेलो, आम्ही सरी केलं, म्हणजे ठीकठाक केलं.

"आम्ही नको, मंजुनाथ. मी म्हणा."

तो हसला आणि टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "नाचिके आगत्ते, अक्का."

नाचिके म्हणजे लाज. मला लाज वाटते, अक्का. आमच्या मराठीसारखंच कन्नडमध्येही संकोचाची लाज आणि अपमानाची लाज यांना एकच शब्द आहे. तो संकोचाची म्हणत होता. मी त्याला सांगितलं, पोटापाण्याच्या ठिकाणी लाज धरून चालत नाही. आणि त्याच्या देखत लिहिलं, संपूर्ण बंद पडलेली यंत्रणा मी एका दिवसात पूर्ववत सुरू केली आणि एकाही पेशंटची गैरसोय होऊ दिली नाही. वाचून दाखवलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. पण त्याने सही केली. तुम्ही सांगता म्हणजे सरीच असणार, म्हणाला.

पुढच्या आठवड्यात हेमावती आली. तिचाही तोच रविवार होता. आम्ही गेलो, आम्ही बिलं केली, आम्ही सुरू केलं. तिच्यासाठीही मी तेच केलं, ‘आम्ही’ खोडलं आणि ‘मी’ घातलं. शब्द थोडे वेगळे, अर्थ तोच. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं होतं. पण मला वाटलं, दोघंही होते, दोघांनीही केलं, मग दोघांचंही वाक्य खरंच आहे की. ‘आम्ही’ मोडून ‘मी’ केला की प्रत्येकाच्या वाट्याला अख्खं काम येतं आणि दुसरा त्यातून नाहीसा होतो, एवढं साधं व्याकरण मला त्या दिवशी सुचलं नाही. आयुष्यभर ‘आम्ही’ म्हणजे ‘मी’ असं बोलत आल्यावर ते सुचणार कसं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. त्याने समाधान झालं नाही.

आकडे जुळवायच्या खोलीत अनिकेतने दोन्ही फॉर्म पडद्यावर शेजारी शेजारी लावले. आधी वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मला मराठीत म्हणाला, "पद्माताई, एकच संडे दोघांनी एकट्याने वाचवलाय." मग इतरांना इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. मीही हसले. त्या खोलीत मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर ते हे.

अनिकेत तसा न्यायी माणूस आहे. त्याने परस्पर काही ठरवलं नाही, दोघांना एकामागून एक बोलावलं. हेमावती आधी आली. त्या रविवारी तुमचं काम किती टक्के, त्याने विचारलं. ती म्हणाली, बिलं सगळी मी केली, साठ. मग मंजुनाथ आला. त्याला सांगितलं, हेमावती साठ टक्के म्हणतात, तुमचं काय म्हणणं? तो म्हणाला, "त्या म्हणतात ते सरी, सर."

"मग फॉर्ममध्ये तुम्ही एकट्याने केलं असं का लिहिलंय?"

मंजुनाथने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल, अक्कांनी लिहिलं. मनातून मला ते हवंच होतं. तो म्हणाला, "चुकलं, सर."

मग मी बोलले, हे मुद्दाम नोंदवते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की वाक्य माझं आहे, त्यांनी ‘आम्ही’च सांगितलं होतं, मी बदललं. अनिकेतने मान डोलावली. म्हणाला, तुम्ही इतक्या जणांना मदत केली, बाकीच्यांचं नाही ना असं झालं? आणि सही तर त्यांचीच आहे. माझं बोलणं कुणी खोटं मानलं नाही. त्याला वजनच नव्हतं, कारण त्या दिवशी तोललं जात होतं ते मला नव्हे. तळाच्या घरात एक जागा अजून भरायची होती. ती भरली. मंजुनाथच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात ‘सचोटी नाही’ असे इंग्रजी शब्द पडले. मी आणखी भांडायला हवं होतं, निदान उठून बाहेर तरी जायला हवं होतं. पुढचं नाव पडद्यावर आलं आणि कुणीतरी बिस्किटं मागितली, तेव्हा मी बशी पुढे सरकवली.

निकाल सांगायला मंजुनाथला मीच बोलावलं, ते माझंच काम. पाण्याचा ग्लास ठेवला. त्याने तो घेतला नाही. त्याने फक्त विचारलं, सचोटी नाही म्हणजे कन्नडमध्ये काय म्हणायचं, घरी सांगायला लागेल. मला शब्द माहीत होता. मी म्हटलं, घरी एवढं सगळं सांगायची गरज नाही. तो म्हणाला, मुलीला इंग्रजी येतं, अक्का, ती वाचेल. या वेळी त्याने नाचिके हा शब्द काढला नाही. मी आयुष्यात अनेकांसमोर तो ग्लास ठेवला आहे, पण खाली बघत बसले ती त्या दिवशी.

हेमावतीला तीन मिळाले. पण तीही आठवड्याने माझ्याकडे आली. तोवर मंजुनाथला काय झालं ते सगळ्या मजल्याला कळलं होतं आणि दुपारच्या जेवणाला तिच्या टेबलावर कुणी बसेना. मी तिला काही बोलणार, तेवढ्यात तिचंच रडू फुटलं. म्हणाली, "अक्का, मी साठ म्हटलं. शंभर म्हणायला तुम्हीच शिकवलं होतं. मी कमी करून सांगितलं, त्यांचं नाव राहावं म्हणून."

तिला वाटत होतं तिने मोठेपणा दाखवला. आणि खरंच दाखवला होता. माझ्या वर्गात शिकलेल्या माणसाच्या हिशेबाने चाळीस टक्के दुसऱ्याला देणं म्हणजे दानधर्मच होता. मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. ती म्हणाली, मग कुणाचं? आणि मग तिचं तिलाच कळलं असावं, कारण तिने डोळे पुसले, सॉरी अक्का म्हणाली आणि गेली.

त्या वर्षी मला पाचपैकी पाच मिळाले. नोकरीत पहिल्यांदाच. अनिकेतने माझ्या फॉर्मवर लिहिलं, कर्मचाऱ्यांना आपलं योगदान मांडायला सक्षम केलं. मी ते वाचलं आणि सही केली. घरी सांगितल्यावर यजमानांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मैसूरपाक आणला आणि शेजारच्या दोन घरी वाटला. का आणला ते त्यांना सांगता आलं, मी का खात नाही ते मला सांगता आलं नाही. साखर वाढलीय म्हटलं.

मंजुनाथने तीन महिने पुरे होऊ दिले नाहीत. दुसऱ्या महिन्यातच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मी त्याच्या टेबलाशी गेले, माफी मागायला. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. त्याने मला अर्ध्यावरच थांबवलं. परवागिल्ला अक्का, म्हणाला, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं. अंगावर ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘नानु क्लास’ मी बंद केला. म्हणजे मी सोडला, वर्ग चालूच आहे. आता एक तरुण मुलगी घेते आणि माझ्यापेक्षा चांगलं घेते.

हे सगळं झाल्याला आता काही महिने झाले. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मंजुनाथचा फोन आला. आवाज तसाच हळू. एका हॉस्पिटलात जागा निघाली होती, आणि अर्जासोबत आपल्या कामाची माहिती द्यायची होती. पाठवलंय अक्का, म्हणाला, जरा बघून सांगता? इंग्रजी मी मुलीकडून तपासून घेतलंय, तुम्ही फक्त ते दुसरं बघा.

ते दुसरं म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. मी फोन चालू ठेवून वाचायला लागले. दीड पान होतं आणि पहिल्या ओळीपासून ‘मी’. मी सुरू केलं, मी उभारलं, मी शिकवलं. त्यांच्या अख्ख्या विभागाने मिळून दोन वर्षं केलेलं काम त्याने एकट्याने केलं होतं. तो रविवारही होता. मी एकट्याने संपूर्ण यंत्रणा सुरू केली, मी एकट्याने बिलं केली. बिलं हेमावतीने केली होती. तिचं नाव कुठेच नव्हतं. एवढ्या दीड पानात दुसरा माणूस म्हणून कुणीच नव्हता. लिखाण चांगलं होतं. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

"सरी आहे ना अक्का?" त्याने विचारलं.

हो म्हटलं. मला दुसरं काय म्हणता आलं असतं? खोटं लिहू नका असं म्हणायचा अधिकार ज्याला असेल त्याने म्हणावं. त्याला नोकरी हवी होती, आणि हे असंच लिहिलं तर मिळते हे त्याला मीच पटवलं होतं.

मग तो म्हणाला, अगदी शेवटी बघा, पत्त्याच्या वर, तिथे एक वुई राहिलंय. मी खाली गेले. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं होतं, आम्ही कनकपुरा रोडला राहतो. आई, बायको, मुलगी आणि तो.

"तेपण काढू का?"

मी म्हटलं, नको, ते राहू दे. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही असा तो विचार करतोय, हे मला ऐकू येत होतं. मग त्याने अगदी हळू विचारलं, "त्याने मार्क नाही ना कमी होणार, अक्का?"

नाही होणार, असं मी म्हटलं. ते खरं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं.